अग्रिम वैद्यकीय निर्देश : मान्य झालेला हक्क आणि प्रक्रियेची कोंडी

प्रस्तावना

मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि आपले मत स्वतः सांगू न शकणाऱ्या रुग्णावर कोणते उपचार करावेत व कोणते थांबवावेत, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे निरनिराळ्या रूपांत येत राहिला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर निर्णय देताना या प्रश्नाचे एक उत्तर दिले. सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले आणि सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली. या निर्देशाची कार्यपद्धती व्यवहारात अशक्यप्राय ठरल्याने २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ती सुलभ केली.

दोन्ही निर्णयांचे सर्वत्र स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. मात्र त्या स्वागतात एक साधा प्रश्न मागे राहिला. निर्देश लिहून ठेवणाऱ्या रुग्णाला, तो न लिहिणाऱ्या रुग्णापेक्षा प्रत्यक्षात अधिक काय मिळते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने अग्रिम वैद्यकीय निर्देशाच्या कायदेशीर व नैतिक बाजूंची चिकित्सा केली आहे.

संज्ञांचा घोळ

या विषयावरील मराठी चर्चेला पहिली अडचण येते ती शब्दांची. 'लिव्हिंग विल' या इंग्रजी संज्ञेचा शब्दाला शब्द ठेवून अनुवाद केला, तर 'जिवंत मृत्युपत्र' असा चमत्कारिक प्रयोग हाती येतो. 'इच्छापत्र' म्हणावे, तर वकिली व्यवहारात तो शब्द मालमत्तेच्या वाटणीच्या दस्ताला आधीच लागलेला आहे. वृत्तपत्रे मथळ्याच्या सोयीसाठी 'इच्छामरण' हा शब्द वापरतात आणि खरा घोटाळा तेथे होतो. इच्छामरण म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे शरपंजरी पडलेले भीष्म उभे राहतात, आणि कायद्याने मागेल त्याला मरण देऊ केले आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात विषारी इंजेक्शन देऊन किंवा तत्सम कृतीने मृत्यू घडविणे, म्हणजेच सक्रिय दयामरण, २०१८ च्या निर्णयानंतरही बेकायदेशीरच आहे. मान्यता मिळाली आहे ती निरर्थक ठरलेला उपचार सुरू न करण्याला किंवा सुरू असलेला थांबविण्याला.

भीष्मांचाच दाखला द्यायचा, तर वराचा नव्हे, भीष्मपर्वातील दुसऱ्या एका प्रसंगाचा द्यायला हवा. बाण काढण्यात निष्णात असलेले वैद्य दुर्योधन घेऊन येतो, तेव्हा भीष्म त्यांचा सन्मान करून त्यांना परत पाठवायला सांगतात. उपचार नाकारण्याचा हा प्रसंग आधुनिक कायद्यातील संकल्पनेच्या बराच जवळचा आहे. पण चर्चेत तो क्वचितच येतो.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. १९६६ साली विनायक दामोदर सावरकरांनी प्रायोपवेशन केले, तर १९८२ साली पवनार आश्रमात विनोबा भावे यांनी अन्न व औषधे त्यागून देह ठेवला. या दोन्ही घटनांत निर्णय घेणारी व्यक्ती शुद्धीवर होती, सभोवतालची मंडळी साक्षीला होती आणि निर्णय व त्याची अंमलबजावणी यांत अंतर नव्हते. अग्रिम निर्देशाचे तसे नाही. तो आज लिहिला जातो आणि अमलात येतो तेव्हा लिहिणाऱ्याला बोलता येत नाही. निर्देशाच्या बहुतेक कायदेशीर व नैतिक अडचणींचे मूळ काळाच्या या फटीत आहे.

न्यायालयीन वाटचाल

आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली मारुती श्रीपती दुबळ खटल्यात घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच मार्ग स्वीकारला, पण १९९६ साली ग्यान कौर खटल्यातील घटनापीठाने तो निर्णय फिरविला. जीविताच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सांगतानाच या पीठाने एक दार किलकिले ठेवले. मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेल्या व्यक्तीचा सन्मानाने मरण्याचा हक्क वेगळा आहे, असे त्याने नमूद केले. पुढची सारी मांडणी याच वाक्यांवर उभी आहे. कलम ३०९ चा प्रश्न यथावकाश बाजूला पडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते त्या स्वरूपात राहिलेले नाही.

या वाटचालीत अरुणा शानबाग यांचे प्रकरण केंद्रस्थानी राहिले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेल्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी निर्णय दिला. उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणास तत्त्वतः मान्यता मिळाली. अरुणा यांच्यापुरती मागणी मात्र फेटाळली गेली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

या निकालपत्राचे कायद्याच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. त्यातील मानवी पेच तेवढा पुढे आला नाही. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर न्यायालयाला निर्णय द्यावा लागला आणि त्याने तो विराणी यांना न देता, त्यांची ३७ वर्षे शुश्रूषा करणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचारीवर्गाला दिला. परिचारिकांच्या पिढ्यांनी केलेल्या त्या सेवेपुढे नतमस्तकच व्हावे लागते. तथापि, वाद झाला तो दोन इतरांमध्ये. स्वतः अरुणा यांना काय वाटले असते, याचा कोणताही पुरावा कोणाजवळ नव्हता. हल्ला झाला तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. त्या वयात असा कागद कोण लिहून ठेवील? अमेरिकेतील कॅरन अ‍ॅन क्विन्लन आणि नॅन्सी क्रुझन याही विशीतल्याच होत्या. ज्यांच्या प्रकरणांनी हा कायदा घडविला, त्यांच्यापैकी कोणालाही तो कागद लिहिण्याचे कारण पडले नव्हते, ही या विषयातील एक विसंगती होय.

येथे विधी आयोगाच्या भूमिकेचीही नोंद घ्यायला हवी. २००६ चा १९६ वा आणि २०१२ चा २४१ वा, या दोन्ही अहवालांनी उपचार थांबविण्यास अनुकूलता दाखविली, परंतु अग्रिम निर्देशाला मात्र कायदेशीर परिणाम देण्याचे नाकारले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मसुदा विधेयकातही तीच भूमिका होती. म्हणजे ज्या दस्ताला विधी आयोगाने आणि विधेयकाने निष्प्रभ मानले, त्यालाच न्यायालयाने दोन वर्षांनी मूलभूत हक्काचे अंग ठरविले. संसदेचा कायदा नसल्याने आजही हा सारा डोलारा न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर उभा आहे.

प्रक्रियेची चिकित्सा

२०१८ च्या तत्त्वांनुसार निर्देशावर दोन साक्षीदारांसमोर सही करून शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागे. अंमलबजावणीसाठी रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले दुसरे मंडळ आणि अखेर दंडाधिकाऱ्याची रुग्णशय्येजवळ प्रत्यक्ष भेट, असा क्रम होता. मंडळांवरील तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा होता. तालुक्याच्या गावी तर राहोच, अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही असे मंडळ जमविणे कठीण होते. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने पुन्हा न्यायालयात धाव घेतली, ती यामुळेच.

२०२३ च्या सुधारणेने नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरविले, अनुभवाची अट पाच वर्षांवर आणली, दुसरे मंडळही रुग्णालयानेच नेमावे आणि त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला एक डॉक्टर असावा, असे सांगितले. मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. दंडाधिकाऱ्याने येण्याची अट जाऊन त्याला केवळ कळविण्याची अट राहिली. हा बदल मोठा आहे, यात शंका नाही.

परंतु निर्देश असलेल्या रुग्णाची वाट आणि तो नसलेल्या रुग्णाची वाट शेजारी ठेवून पाहिली, तर काय दिसते? दोन मंडळे दोघांनाही लागतात. दंडाधिकाऱ्याला कळविणे दोघांच्या बाबतीत आहे. मतभेद झाल्यास उच्च न्यायालय दोघांनाही मोकळे आहे. निर्देश नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत नातेवाइकांची संमती घ्यायची. निर्देश असलेल्या रुग्णाच्या बाबतीतही, त्याने निर्देशात नाव घातलेल्या व्यक्तीची संमती घ्यायचीच. रुग्णाने स्वच्छ शब्दांत लिहिले असले, तरी ते लिहिणे स्वतःच्या बळावर पुरे पडत नाही; दुसऱ्या कोणाच्या होकाराने ते पूर्ण होते. निर्देशात संदिग्धता आढळल्यास तो बाजूला ठेवून, निर्देश नाहीच असे समजून पुढे जायचे आहे. अतिदक्षता विभागातील प्रत्येक शक्यता आगाऊ ओळखून निःसंदिग्ध लिहिणे डॉक्टरलाही साधणार नाही, मग निवृत्त शिक्षकाला किंवा गृहिणीला ते कसे साधावे?

उलट, निर्देश असलेल्याच्या वाटेवर एक पायरी अधिक आहे. कागद खरा आहे की नाही, याची खातरजमा डॉक्टरने अंकीय आरोग्य नोंदींवरून किंवा तो जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून करायची आहे. एखाद्याने नोटरीकडे जाऊन, साक्षीदार गोळा करून, प्रत नगरपालिकेत जमा करून मिळविले काय, तर एक जास्तीची पडताळणी. स्वायत्ततेच्या पायावर उभ्या केलेल्या निकालाचा हा परिणाम अपेक्षित नसावा. निकालपत्रातील तत्त्वविवेचन व्यक्तीच्या स्वयंनिर्णयाचा पुरस्कार करते, आणि त्याला जोडलेली कार्यपद्धती कुटुंब व डॉक्टर यांच्या सहमतीवर विसंबते. गैरवापराची भीती न्यायालयाच्या मनात होती आणि ती अनाठायी नव्हती. मालमत्तेच्या वादांनी भरलेल्या दिवाणी न्यायालयांच्या देशात कोऱ्या कागदावरचा अंगठा काय करू शकतो, हे सांगायला नको. आक्षेप संरक्षणाला नाही. लिहिणाऱ्याला आणि न लिहिणाऱ्याला एकाच मापाचे संरक्षण लावल्याने लिहिण्याला अर्थ उरत नाही, हा आक्षेप आहे.

निर्देश मागे घेण्याच्या तरतुदीतही हेच दिसते. तो केव्हाही बदलता येतो, पण लेखी आणि त्याच प्रक्रियेने. हात न चालणाऱ्या वृद्धेने खाटेवरून 'मला अजून जगायचे आहे' असे सांगितले, तर तिची निर्णयक्षमता शाबूत असेतो मंडळ तिचे ऐकेल. ती क्षमता अंशतः ढळली असेल तर काय, याचे उत्तर तत्त्वांत नाही.

नाव घालण्याचा अधिकार

मग निर्देशाचा उपयोग कोणता? सूक्ष्मपणे पाहता तो उपचारांच्या यादीत नसून, आपल्या वतीने कोणी बोलावे हे नाव घालण्यात आहे. चार मुलांपैकी कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, परदेशातून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाचा की दहा वर्षे सेवा करणाऱ्या सुनेचा, हा वाद रुग्णालयाच्या व्हरांड्यात रोज होतो. डॉक्टर अशा वेळी सर्वांत मोठ्या आवाजाचे ऐकतात. नाव लिहून ठेवणारा रुग्ण हा वाद आधीच मिटवू शकतो.

आणि नेमके येथेच मार्गदर्शक तत्त्वे आखडती होतात. त्यांत 'पालक अथवा जवळचा नातेवाईक' यांचे नाव घालायचे आहे. २०२३ मध्ये एकाऐवजी अनेक नावे चालतील, एवढाच बदल झाला. अविवाहित प्राध्यापिकेची तीस वर्षांची मैत्रीण, घरच्यांनी तोडलेल्या तरुणाचा समलिंगी जोडीदार, वृद्धाश्रमातील सोबती, यांना या शब्दांत जागा आहे का? 'पालक' या शब्दाचा उदार अर्थ लावून ती काढता येईल, पण त्यासाठीही न्यायालयाचीच पायरी चढावी लागेल. ज्यांना या अधिकाराची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच बाबतीत तो अनिश्चित राहतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्याशी तुलना केली, तर हे अधिक स्पष्ट होते. २९ मे २०१८ पासून, म्हणजे घटनापीठाच्या निकालानंतर अवघ्या तीन महिन्यांत, लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ५ मध्ये अग्रिम निर्देशाची तरतूद आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नातेवाईकच असावा, अशी अट नाही; तो सज्ञान, सक्षम आणि राजी असला की पुरे. निर्देशांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी मंडळावर टाकली आहे, आणि निर्देशानुसार वागणाऱ्या डॉक्टरला संरक्षण दिले आहे. मनोरुग्णाला जो विश्वास कायदा देतो, तो मरणासन्न रुग्णाला देण्यास न्यायालयीन तत्त्वे कचरतात, असे खेदाने म्हणावे लागते.

नैतिक पेच

निर्देशाच्या नैतिकतेवरील सर्वांत गंभीर आक्षेप कायद्याबाहेरचा आहे. आज निरोगी असलेल्या व्यक्तीला उद्याच्या रुग्णावर हुकूम चालविण्याचा अधिकार आहे का? अमेरिकन विधितज्ज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ च्या 'लाइफ्स डोमिनियन' या ग्रंथात स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात हा प्रश्न मांडला आणि आयुष्याला आकार देणारे पूर्वीचे निर्णय बंधनकारक मानावेत, अशी भूमिका घेतली. रिबेका ड्रेसर यांनी तिला विरोध केला. स्मृती गेलेली, पण दुपारच्या उन्हात समाधानाने बसलेली व्यक्ती ही आज समोर आहे. तिचे हित जुन्या कागदावर कसे तोलायचे, असा त्यांचा सवाल आहे. भारतीय तत्त्वांनी हा वाद टाळला आहे. निर्देश लागू होण्यासाठी रुग्ण असाध्य व अंतिम अवस्थेत असावा लागतो, त्यामुळे दीर्घकाळ चालणारा स्मृतिभ्रंश बहुतांशी कक्षेबाहेरच राहतो. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या समाजाला हा प्रश्न फार काळ टाळता येणार नाही.

मराठी कुटुंबात त्याआधीचाच एक अडसर आहे. रोगाचे नाव रुग्णाला कळू न देणे ही येथे माया समजली जाते. कर्करोगाचा अहवाल मुलगा वाचतो, सून वाचते, शेजारी वाचतात. आजोबांना 'आतड्याला सूज आहे' असे सांगितले जाते. ज्याला आपला आजारच माहीत नाही, त्याने उपचारांविषयी निर्देश कोणत्या आधारावर द्यावेत? आणि घरात हा विषय काढणाऱ्यावर अभद्र बोलल्याचा ठपका येतो. या मौनाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल, त्यात जपणूकही आहे. तरीही त्याचा परिणाम असा, की रुग्ण सोडून सर्वांचे मत विचारात घेतले जाते.

पैशाचा प्रश्न तर उघडच आहे. रुग्णालयाचे बिल झेपेनासे झाले, की 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' अशा मजकुरावर सही करून नातेवाईक रुग्णाला नेतात आणि बहुधा वाटेत किंवा घरी पोचताच मृत्यू होतो. व्हेंटिलेटर काढण्याची भारतातील सर्वांत रूढ पद्धत हीच आहे, आणि तिला मंडळ लागत नाही, दंडाधिकारी लागत नाही, वेदनाशमनही मिळत नाही. ज्याला परवडते त्याच्यासाठी दोन मंडळांची काटेकोर वाट आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ही सही, अशी विभागणी झाली असेल, तर सन्मानाची भाषा निम्म्याहून अधिक रुग्णांपर्यंत पोचतच नाही. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्याच्या वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांना वेदनामुक्त ठेवण्याचे काम करीत आहेत. पण अशा सोयी मोठ्या शहरांबाहेर विरळ आहेत. उपशामक उपचारांचा पर्यायच समोर नसताना 'व्हेंटिलेटर नको' असे लिहिणे ही कितपत निवड म्हणावी?

अंमलबजावणी

निर्देशाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असली, तरी असा अधिकारी बहुतेक ठिकाणी नव्हताच. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्र शासनाने असे चारशेहून अधिक अधिकारी नेमल्याचे २०२४ मध्ये समोर आले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून प्रारंभ केला. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जीवरक्षक उपचार थांबविण्याविषयी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविल्या, तेव्हा काही डॉक्टर संघटनांनी त्याला आक्षेपही घेतला.

या हालचालींचा भर कागद कोठे ठेवायचा यावर आहे. तो रुग्णशय्येपर्यंत कोणी आणायचा, याविषयी कोणीच काही म्हणत नाही. मार्गदर्शक तत्त्वांतील शब्द असे आहेत, की डॉक्टरला निर्देशाची माहिती 'करून दिली गेल्यास' त्याने तो पडताळावा. म्हणजे निर्देश आहे का, हे विचारण्याचे कर्तव्य डॉक्टरवर नाही आणि रुग्णालयावरही नाही. अमेरिकेत क्रुझन खटल्याच्या पार्श्वभूमीवर १९९० साली संमत झालेल्या रुग्ण स्वयंनिर्णय कायद्याने, सार्वजनिक आरोग्यनिधी घेणाऱ्या रुग्णालयांवर, दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णाला त्याचा हक्क समजावून सांगण्याचे व निर्देश आहे का हे विचारून नोंदविण्याचे बंधन घातले. आपल्याकडे दाखल करताना अनामत रकमेची चौकशी होते, विमा पॉलिसीचा क्रमांक विचारला जातो, आधार कार्डाची प्रत मागितली जाते. त्याच अर्जात एका ओळीची भर घालण्यास संसदेच्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही. राज्य शासनाचा आरोग्य विभाग परिपत्रकाने ते करू शकतो. अपघात विभागाच्या दारात, रक्ताने माखलेल्या कपड्यांतील नातेवाइकाला हा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे होईल, हे खरे आहे. नियोजित शस्त्रक्रियेसाठी किंवा दीर्घ आजारासाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला मात्र तो शांतपणे विचारता येतो, आणि विचारताना खोलीत फक्त रुग्ण व डॉक्टर असतील अशी व्यवस्था करता येते.